कापायची ती तार कोणती?

छत्रपती संभाजीनगरात जालना रोडने सिडको मागे टाकून मुकुंदवाडीच्या पुढे निघाले की चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत लागते. एसटीच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक इथलीच. उरलेल्या दोन दापोडीला आणि हिंगण्याला. याच रस्त्याने आणखी पूर्वेला, शेंद्र्यात, २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळू लागल्या, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला वाळूजमध्ये बजाजचा कारखाना १९८५ पासूनच चालू होता. एकेकाळी शहराबाहेर असलेले मुकुंदवाडी असे वाहनांच्या दोन कारखान्यांमध्ये सापडले. तरीही या पट्ट्यातल्या मोटार-मिस्त्रीचा इतिहास सहसा एका वाक्यात उरकला जातो: गाडीत कॉम्प्युटर आला आणि मिस्त्री संपला. हे वाक्य मला पटत नाही. मिस्त्रीचे काम संपले नाही, ते पान्या-स्क्रूड्रायव्हरकडून तारेकडे सरकले. आणि ते सरकवले नुसत्या इंजेक्टरने नव्हे, तर गॅसच्या किटने.

कार्बोरेटरच्या काळात पेट्रोलचा आणि विजेचा संबंध फारसा नव्हता. प्रीमियर पद्मिनीचे किंवा जुन्या मारुती ८०० चे पेट्रोल किती जायचे हे जेटच्या छिद्रावर, फ्लोटच्या उंचीवर आणि मिस्त्रीच्या कानावर ठरे. तारा होत्या त्या दिव्यांच्या, हॉर्नच्या, स्टार्टरच्या आणि प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या. त्यामुळे मिस्त्री वेगळा आणि ऑटो इलेक्ट्रिशियन वेगळा. एकाच्या हाताला पेट्रोलचा वास, दुसऱ्याच्या खिशात टेपची गुंडाळी. ही वाटणी इंजेक्टरने मोडली. बॉशने इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन १९६७ मध्येच फोक्सवॅगनच्या गाडीवर चढवले होते, पण आपल्याकडे ते कायद्याच्या रेट्याने आले. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी धुराचे युरो निकष सक्तीचे केले, २००० मध्ये देशभर पहिला टप्पा लागू झाला आणि कार्बोरेटर हळूहळू हटू लागला. आता पेट्रोलचे माप मिलिसेकंदांत मोजले जाऊ लागले: इंजेक्टर किती वेळ उघडा राहणार एवढाच प्रश्न, आणि त्याचे उत्तर एका बारीक तारेतून येणारे.

पण कंपनीचे हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, कापण्याचे धाडस कुणी आणि का केले? परदेशात मोठे इंजेक्टर बसवून ताकद वाढवण्याचा शौक आहे. आपल्याकडे कारण अगदी घरगुती होते: पेट्रोल परवडत नव्हते. वाहनांसाठी एलपीजीला २००० मध्ये कायदेशीर वाट मिळाली. मुंबईत सीएनजी पुरवणारी महानगर गॅस कंपनी १९९५ पासूनच होती. कार्बोरेटरच्या टॅक्सीवर गॅस बसवणे हे जवळजवळ प्लंबिंगचेच काम: टाकी, नळी, रेग्युलेटर, मिक्सर, पेट्रोल बंद करणारा एक व्हॉल्व्ह. इंजेक्शनच्या गाडीवर सीक्वेन्शियल किट आले तेव्हा मात्र हात थेट इंजेक्टरच्या तारेला लागला. प्रत्येक इंजेक्टरला दोन तारा असतात. एकीत रिलेवरून आलेला बारा व्होल्टचा पुरवठा सगळ्यांना सामाईक, दुसरी ईसीयूकडे, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरकडे, जाते आणि ईसीयू तिला अर्थिंग देऊन इंजेक्टर उघडतो. कापायची ती ही दुसरी. तिच्यातला इशारा गॅसच्या ईसीयूने वाचायचा, पेट्रोलचा इंजेक्टर गप्प बसवायचा आणि गॅसचा इंजेक्टर हिशेबाने जास्त वेळ उघडायचा. शिवाय मूळ ईसीयूला आपला इंजेक्टर जागेवरच आहे असे भासवायचे; नाहीतर चेक इंजिनचा दिवा लागलाच. पेट्रोलच्या इंजेक्टरचा रोध साधारण बारा ते सोळा ओहम, गॅसच्या बऱ्याचशा इंजेक्टरांचा एक ते तीन ओहम. म्हणून एकाचा कपलर नुसता दुसऱ्याला लावून भागत नाही, त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो. सिलिंडरचा क्रम चुकला तर गाडी चालते, पण ओढत नाही, आणि असा दोष शोधायला मीटर लागतो, नुसता कान पुरत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हा शेवटी जुगाडच. मी याला जुगाड म्हणणार नाही, कारण जुगाडात नियम नसतो आणि इथे तो ओहमपर्यंत नेमका आहे. शिवाय पक्के तंत्र फक्त कारखान्यात, बाहेर अंदाजपंचे, ही विभागणीही टिकत नाही. बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ऑर्बिटल कंपनीचे तंत्र घेऊन दोन-स्ट्रोक रिक्षात थेट इंजेक्शन आणले. दाबलेल्या हवेच्या झोतात पेट्रोल फवारणारी ती रचना होती. त्याच वर्षी इंजेक्शनवाली पल्सर २२० आली आणि २००९ मध्ये ती पुन्हा कार्बोरेटरवर गेली. कंपनीच जिथे मागे-पुढे करत होती, तिथे गॅरेजमधल्या चाचपडण्याला हसण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप जड आहे. नुसते पीळ देऊन टेप गुंडाळलेले जोड, फ्यूजशिवाय ओढलेली तार, आणि व्हॅनमध्ये बसवलेले घरगुती लाल सिलिंडर हाही याच इतिहासाचा भाग आहे, आणि त्याने माणसे भाजली आहेत. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतल्या फेरफाराला लगाम घालते. मान्यताप्राप्त किट आणि आरसी बुकातली नोंद यांशिवाय गॅसची गाडी बेकायदेशीर ठरते. हे मान्यच करायला हवे. मात्र यातून कसब खोटे ठरत नाही, कसबाला परवान्याची आणि तपासणीची जोड लागते एवढे ठरते. कायद्याने हे काम बंद केले नाही, ते मंजूर किट आणि अधिकृत बसवणाऱ्यांच्या हाती दिले.

उरतो तो काळाचा आक्षेप. छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत गॅसवितरणाचे काम भारत पेट्रोलियमकडे आले ते २०१८ च्या सुमारास. तोवर मारुतीने कारखान्यातच सीएनजी बसवलेल्या गाड्या काढून आठ वर्षे झाली होती. मग स्थानिक फिटरला उरले काय? पुष्कळ. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या पेट्रोलच्याच होत्या, आणि बीएस-६ निकषांच्या गाड्यांवर बाहेरून किट बसवायला केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये परवानगीही दिली. बदलले ते हत्यार. अनेक किटांची हार्नेस आता दोन्ही टोकांना कंपनीचाच कपलर घेऊन येतात. मूळ कपलर काढायचा, मध्ये ही घालायची, तार कापायची गरजच नाही. कटर खणात पडून राहतो आणि बॉनेटवर लॅपटॉप उघडलेला असतो.