घरातील आजार आणि जाणती मुले : अड्यार ते पेरुंगुडी

चेन्नईच्या दक्षिणेस पल्लिकरणैच्या पाणथळीलगत वसलेले पेरुंगुडी आज संगणक-कंपन्यांसाठी ओळखले जात असले, तरी कर्करोगाची माहिती कुटुंबापर्यंत कशी पोहोचत गेली याचा इतिहास तेथून काही किलोमीटरवरच्या अड्यारपासून सुरू करावा लागतो. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या बहिणीचा १९२३मध्ये कर्करोगाने मृत्यू झाला. त्यानंतर त्यांनी धरलेल्या ध्यासातून आणि विमेन्स इंडियन असोसिएशनच्या आधारावर १९५४मध्ये अड्यारची कॅन्सर इन्स्टिट्यूट अवघ्या १२ खाटांनिशी उभी राहिली. पुढल्याच वर्षी तेथे रुजू झालेल्या डॉ. व्ही. शांता यांनी लवकर निदानाच्या प्रसारासाठी आयुष्य वेचले. तथापि या प्रसाराचा रोख प्रामुख्याने निरोगी माणसावर होता. निदान झाल्यावर घरात कोणाला काय सांगावे, हा प्रश्न नातलगांवर सोपवलेला असे आणि ते तो बहुधा मौनाने सोडवीत.

हे मौन खास भारतीय संस्कारांतून आले असे म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो टिकत नाही. डॉ. डोनाल्ड ओकेन यांनी १९६१मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिकागोतील पाहणीत २१९ डॉक्टरांपैकी सुमारे ९० टक्के जणांचा कल कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. १९७९च्या दुसऱ्या एका अमेरिकी पाहणीत हे प्रमाण जवळजवळ पूर्ण उलटलेले दिसते. ब्रिटनमध्ये स्वतः कर्करोगग्रस्त असलेल्या डॉ. व्हिकी क्लेमंट-जोन्स यांनी १९८५मध्ये रुग्ण व कुटुंबीयांना माहिती पुरवणारी बॅकअप ही संस्था काढली. भारतात २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेने आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये असे बजावले, परंतु तिच्यात रुग्ण, नातलग व जबाबदार मित्र यांचा उल्लेख आहे, मुलांचा स्वतंत्र विचार नाही.

त्यातही किशोरवयीन आणि नुकत्याच सज्ञान झालेल्या मुलांची स्थिती विचित्र राहिली. औषधे आणणे, रांगेत उभे राहणे, धाकट्यांना सांभाळणे यांसाठी ती मोठी ठरत आणि आजाराचे नाव कळण्यापुरती लहान.

ही स्थिती पालटली ती इंटरनेटमुळे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, तेव्हा पहिल्या शहरांत चेन्नई होते. २००० साली पेरुंगुडीच्या शेजारी तरमणीत टायडेल पार्क सुरू झाले, आणि त्याच तरमणीत २०१९मध्ये प्रोटॉन किरणांनी, म्हणजे गाठीपलीकडच्या पेशींना कमी इजा करणाऱ्या किरणोपचाराने, कर्करोगावर इलाज करणारे केंद्र उघडले. इंटरनेट आणि इलाज असे दोन्ही जवळ आले, तरी पाश्चात्त्य संकेतस्थळांवरील मार्गदर्शनाचे गृहीतक असे की पालकाला सर्व ठाऊक असते आणि ते मुलाला कसे सांगावे एवढाच पेच असतो. ज्या घरांत इंग्रजी अहवाल वाचणारे मूलच असते, तेथे हे गृहीतक कोसळते. आईवडील शब्द जुळवत असताना मुलाने पडद्यावर सरासरी आयुर्मानाचे आकडे वाचलेले असू शकतात. म्हणून तमिळ वा मराठीत अशी माहिती लिहिणाऱ्याने मूल हा दुय्यम श्रोता नसून अनेकदा पहिला वाचक आहे, असे धरून लिहिले पाहिजे.

किशोरवयीन आणि नुकत्याच सज्ञान झालेल्या मुलांना आणखी एक प्रश्न पडतो, जो लहानग्यांना सहसा पडत नाही : हा आजार मलाही होईल का? बहुतेक कर्करोग आनुवंशिक नसतात. मात्र स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाशी निगडित असलेल्या, १९९४ व १९९५मध्ये शोधल्या गेलेल्या बीआरसीए जनुकांत घातक बदल असल्यास तो प्रत्येक अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, जाण्याची शक्यता निम्मी असते, आणि त्याची चाचणी सामान्यतः १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत केली जात नाही.