छत खाली येण्याआधीचे ३७ तास

रविवारी पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी आमच्या मोटारहोमचं छत आतून खाली आलं. ते ज्या बाकावर पडलं, त्या बाकावर पाऊण तासापूर्वीपर्यंत माझी आई झोपली होती. गाडी टेक्सासमधल्या गॅल्वेस्टन बेटावर उभी होती आणि महिना जुलैचा होता. छत एका क्षणात पडलं, पण त्याची तयारी ३७ तास चालली होती आणि ती बरीचशी माझ्याच हातून झाली. ज्यांच्या गाडीच्या टपावर एसी आहे आणि ज्यांच्या घराला कधी गळती लागली आहे, त्यांच्यासाठी हे तास जसे गेले तसे लिहून ठेवतो आहे.

शुक्रवार, दुपारी ४:०० (३७ तास १० मिनिटं बाकी)

ह्यूस्टनहून गॅल्वेस्टन जेमतेम ८० किलोमीटर. गावात शिरताना समुद्राच्या कडेनं लांबच लांब भिंत लागते. सप्टेंबर १९०० मधल्या वादळात हे शहर बुडालं आणि हजारो माणसं गेली. त्यानंतर ही १७ फूट उंचीची भिंत बांधली गेली. मी आईला हे सांगत होतो, तर मागून लेक म्हणाली, "आणि भिंतीच्या मागची जमीनपण उचलली, घरांसकट!" भिंत असताना जमीन कशाला उचलली, हे तिला विचारायचं माझ्या मनात आलं, पण तेवढ्यात वळण आलं.

गाडी २८ फुटी, जुनी, दोन महिन्यांपूर्वी घेतलेली. टपावर १३,५०० बीटीयूचा एसी. कॅम्पवरची आमची जागा थोडी उतरती होती, ड्रायव्हरच्या बाजूला गाडी कलत होती. चाकांखाली ठोकळे घालून ती समपातळीत आणायची असते. दोन रात्रींचा तर प्रश्न, म्हणून मी ठोकळे काढलेच नाहीत. खांबावरच्या ३० अँपिअरच्या सॉकेटमध्ये प्लग घातला आणि एसी लावला. बाहेर ३३ अंश होते आणि हवा इतकी दमट की चष्म्यावर वाफ धरत होती.

शुक्रवार, रात्री ९:०० (३२ तास १० मिनिटं बाकी)

जेवणं झाली. मधल्या टेबलाचा बिछाना करून आईची तिथं झोपायची सोय केली, कारण पुढच्या माळ्यावर चढणं तिला जमत नाही. तिचं डोकं बरोबर एसीच्या जाळीखाली येत होतं. उशी ठेवताना तिच्या हातावर थेंब पडला.

तिनं वर पाहिलं, मग खिडकीतून बाहेर. आकाशात चांदणं होतं. "अरे, बाहेर पाऊस नाही, मग पाणी कुठलं?"

"एसी आहे आई, थोडं गळायचंच," मी म्हणालो.

गळती शोधायची असेल, तर पहिला प्रश्न नेमका हाच. कोरड्या दिवशी एसी चालू असताना गळलं, तर ते एसीनं स्वतः तयार केलेलं पाणी. एसी बंद असताना पावसात गळलं, तर ते टपावरून आलेलं. दमट हवा थंड कॉइलवरून गेली की तिच्यातली वाफ पाणी होऊन कॉइलवर ठिबकते. एवढ्या आकाराचा एसी अशा हवेत तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. ते कॉइलखालच्या तबकात जमतं, तबकाच्या भोकांतून टपावर पडतं आणि कडेनं खाली ओघळतं. टपावर पाणी येणं हा इथं बिघाड नसतो, त्याची रचनाच तशी आहे. बिघाड होतो तो त्या पाण्याची बाहेरची वाट बंद झाली की.

आईनं प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही. तिनं कपाटातून टोप काढला, थेंबाखाली ठेवला आणि डोकं दुसऱ्या बाजूला करून झोपली.

शनिवार, सकाळी ८:०० (२१ तास १० मिनिटं बाकी)

टोप अर्धा भरला होता. मी आतली जाळी काढली. फिल्टरवर बोटभर करडी लव जमली होती. तो धुवायला पाच मिनिटं पुरली असती, पण मी तो बाजूला ठेवला आणि नंतर तसाच परत बसवला, कारण मला गळती मिटवायची होती आणि फिल्टरचा गळतीशी काही संबंध असेल असं मला वाटलं नाही.

वर १४ इंची चौकोनी भोक दिसत होतं. चाळीसएक किलोचा एसी या भोकावर बसतो, मध्ये फोमचं गास्केट असतं आणि आतून चार लांब बोल्ट त्याला खाली ओढून धरतात. नवं गास्केट साधारण इंचभर जाड असतं. बोल्ट सारखे आवळत ते अर्ध्या इंचापर्यंत दाबायचं आणि थांबायचं. जास्त दाबलं तर फोम चेपतो, त्याची उसळी मरते आणि पाणी अडवायचं त्याचं काम संपतं.

मी मात्र हाताला जोर होता तोवर आवळलं. त्यातही एका कोपऱ्यातला बोल्ट आधी, बाकीचे नंतर. एसी त्या कोपऱ्यावर किंचित बसला. तो कोपरा गाडी कलली होती त्याच बाजूचा होता.

शनिवार, दुपारी १२:३० (१६ तास ४० मिनिटं बाकी)

दुकानातून सिलिकॉनच्या दोन नळ्या आणल्या आणि शिडी लावून टपावर गेलो. एसीचा तळ आणि टप यांच्यामध्ये फट दिसत होती. ती चारही बाजूंनी भरून काढली आणि बोटानं गुळगुळीत केली. काम नीटस झालं होतं. खाली उतरलो तेव्हा मला समाधान वाटत होतं.

या ३७ तासांतली सगळ्यांत मोठी चूक ही होती. तबकातलं पाणी ज्या फटीतून टपावर पसरून कडेला जातं, तीच मी बुजवली. आता एसीखाली पडणारा प्रत्येक थेंब सिलिकॉनच्या बांधाच्या आत अडणार होता, आणि तिथून त्याला एकच वाट उरली होती : चेपलेल्या गास्केटखालून आत. एसीच्या गास्केटभोवती सीलंट लावू नये, असं या कामातली माणसं बजावून सांगतात ते यासाठी. दुसरी गोष्ट, आमचा टप रबराचा होता आणि त्या रबरावर साधं सिलिकॉन नीट धरत नाही. म्हणजे आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि वरचा पाऊसही धड अडवायचा नाही, अशी दोन्हीकडून सोय मी करून ठेवली.

एसीचं वरचं प्लॅस्टिकचं झाकण मात्र मी उघडलं नाही. ते चार स्क्रूंवर होतं.

शनिवार, संध्याकाळी ६:०० (११ तास १० मिनिटं बाकी)

थेंब थांबले. दिवसभर एसी चालू होता आणि टोप कोरडा. बायकोनं चहा केला, लेकीनं टाळ्या वाजवल्या. मी टोप उचलायला गेलो तर आई म्हणाली, "असू दे. कुठं जागा अडवतोय?"

संगमेश्वरजवळच्या आमच्या कौलारू घरात तिनं पन्नासएक पावसाळे काढले आहेत. वैशाखात शाकारणी झाली तरी जूनमध्ये कुठं ना कुठं गळायचंच. फुटलेलं कौल एकीकडे असायचं, पाणी वाशावरून सरकत जाऊन दुसऱ्याच खोलीत पडायचं. त्यामुळे थेंब थांबला म्हणजे गळती थांबली, असं ती मानत नाही.

पाण्यानं फक्त वाट बदलली होती. एसी एका कोपऱ्यावर बसल्यानं ते आता भोकातून सरळ खाली न पडता भोकाच्या कापलेल्या कडेतून छताच्या पोटात शिरत होतं. वरचं प्लाय आणि आतलं छत यांच्यामध्ये फायबरग्लासचा थर होता. तो कापसासारखा पाणी पीत होता. आतलं छत म्हणजे तीनएक मिलिमीटरचं प्लाय, वर कागदासारखं गुळगुळीत आवरण. ते आवरण पाणी खाली येऊ देत नाही. म्हणून आम्हाला काही दिसत नव्हतं आणि वजन मात्र वाढत होतं.

शनिवार, रात्री १०:३० (६ तास ४० मिनिटं बाकी)

गार हवेचा झोत मंदावला. मी तापमान आणखी खाली केलं. लव धरलेल्या फिल्टरमधून हवा पुरेशी आत जात नव्हती. हवा कमी झाली की कॉइल गोठणबिंदूच्या खाली जाते, पाणी तिथंच बर्फ होतं, बर्फानं हवा आणखी अडते आणि बर्फ आणखी वाढतो. सकाळी बाजूला ठेवलेल्या फिल्टरचा गळतीशी संबंध होता तो असा.

रविवार, पहाटे २:१५ (२ तास ५५ मिनिटं बाकी)

एसी घरघरत होता, हवा येत नव्हती. मी तो बंद केला आणि खिडक्या उघडल्या. कित्येक तासांचं साठलेलं पाणी बर्फाच्या रूपात कॉइलवर होतं. एसी थांबताच ते एकदमच वितळायला लागलं.

झोपायला जाताना टॉर्चच्या उजेडात छतावर चहाच्या रंगाचा ताटाएवढा डाग दिसला. मी बोट लावून पाहिलं. छत भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं दबलं. सकाळी बघू, असं म्हणालो. त्याच क्षणी आईला तिथून उठवायला हवं होतं.

रविवार, पहाटे ४:२० (५० मिनिटं बाकी)

समुद्रावरून वादळी पाऊस आला. टपावर पहिल्या सरीचा ताशा वाजला आणि आई उठली. पाऊस सुरू झाला की अंथरुणातून उठून घरभर हात फिरवून यायचं, भांडी सरकवायची, ही तिची जन्माची सवय. मी जागा झालो तेव्हा ती अंधारात उभी राहून छत चाचपत होती.

"दिवा लाव. आणि पोरीला पुढं घेऊन जा," ती म्हणाली.

रविवार, पहाटे ५:०५ (५ मिनिटं बाकी)

छताला पोट आलं होतं. दिव्याच्या काचेच्या वाटीत पाणी हिंदकळत होतं. एसीची १२० व्होल्टची तार याच भोकातल्या डबीत जोडलेली असते हे मला ठाऊक होतं. मी आतलं काहीही न शिवता बाहेर पळालो, खांबावरचा ब्रेकर पाडला आणि प्लग काढला. त्या दोन दिवसांत मी वेळेवर केलेलं हे एवढंच.

रविवार, पहाटे ५:१०

आवाज मोठा नव्हता. ओलं पोतं जमिनीवर टाकल्यासारखा आला. दीड मीटर लांबीचा छताचा तुकडा, भिजलेल्या फायबरग्लासचे लोळ आणि बादल्याच्या बादल्या पाणी आईच्या बिछान्यावर पडलं. उशी दिसेनाशी झाली. आम्ही चौघं पुढच्या सीटवर एकमेकांना धरून बसलो होतो. आईच्या मांडीवर टोप होता. तो तिनं उठताना घेतला होता.

रविवार, सकाळी ११:००

ऊन पडलं. मी टपावर गेलो आणि ते झाकण उघडलं. स्क्रू निघायला चार मिनिटं लागली. तबकाला पाणी जाण्यासाठी दोन भोकं होती. उंच बाजूच्या भोकात पाचोळ्याचा चिखल होता, तरी त्यातून थोडं झिरपत होतं. गाडी कलली होती त्या बाजूचं भोक, म्हणजे जिथं सगळं पाणी जमत होतं ते, एका टणक मातीच्या गोळ्यानं पक्कं बंद झालं होतं. मी तो उकरून खाली आणला.

आईनं तो हातात घेऊन फोडला. आत कोश होते. "कुंभारणीचं घर," ती म्हणाली. आमच्या संगमेश्वरच्या घरात दाराच्या चौकटीवर असतं अगदी तसं. माशी टेक्सासची, पण घर बांधायची रीत तीच. चमचाभर माती असेल.

मग मी जे शुक्रवारी रात्री करायला हवं होतं ते केलं. तारेनं दोन्ही भोकं साफ केली, मगभर पाणी तबकात हळूहळू ओतलं आणि ते कुठून बाहेर पडतं ते पाहत राहिलो. पुढचं काम आठवडाभर चाललं. सिलिकॉन खरवडून काढलं. दोघांनी मिळून एसी उचलला, जुनं गास्केट काढलं, जागा कोरडी करून नवं बसवलं, सीलंटचा थेंबही न लावता. बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा देत, अर्ध्या इंचापर्यंत. एसी बंद ठेवून नळीचं पाणी खालून वर असं सोडून पाहिलं. ओलं सामान २४ ते ४८ तासांत वाळलं तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही, म्हणून भिजलेलं सगळं त्याच दिवशी काढून टाकलं, छत उघडं ठेवून पंखे लावले आणि लाकूड वाळल्याशिवाय नवं प्लाय चढवलं नाही.

परत येताना पुन्हा ती भिंत लागली. मी लेकीला शुक्रवारी राहून गेलेला प्रश्न विचारला : भिंत होती, मग जमीन का उचलली?

"उतार करायला," ती म्हणाली. "भिंतीकडून मागच्या खाडीकडे. आत आलेलं पाणी बाहेर कसं जाणार, नाहीतर?"

मी टपावर भिंत तेवढी बांधली होती.

आता दर वैशाखात मी शिडी लावतो, झाकणाचे चार स्क्रू काढतो, भोकांतून तार फिरवतो आणि मगभर पाणी ओततो. फोनवर आई विचारते, "शाकारणी झाली का रे?" मी हो म्हणतो. टोप गाडीतच असतो.