भट्टीच्या तोंडावरची निळी ज्योत

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या मोटारीची गोष्ट सांगायचे. पेट्रोल रेशनवर. सातारा-कराड सर्व्हिस मोटारीच्या मागं एक उभं पिंप बसवलेलं असायचं. पहाटे क्लीनर त्यात लाकडी कोळसा भरायचा, पेटवायचा आणि हातानं पंखा फिरवत बसायचा. बऱ्याच वेळानं गाडी सुरू व्हायची. चढ लागला की निम्मी माणसं खाली उतरून चालायची. "आम्ही धुरावर चालणाऱ्या गाडीतनं फिरलोय," असं ते ऐटीत सांगायचे.

तो धूर नव्हता. कोळसा पुरेशा हवेशिवाय जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि तो पेट घेतो. इंजिनाला तेवढं पुरतं. हाच वायू लोखंडाच्या झोतभट्टीतही तयार होतो आणि खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. पण सगळा तिथं खर्च होत नाही. भट्टीच्या वरच्या तोंडातून जो वायू निघतो त्यात साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो. उरलेला बहुतेक नायट्रोजन, म्हणजे जळायला निरुपयोगी.

कित्येक वर्षं हा वायू भट्टीच्या तोंडावर नुसता जळत राहायचा. रात्री आभाळ लाल दिसायचं आणि लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. 1830 च्या दशकात जर्मनीत फाबर द्यु फोर यानं त्यावर भट्टीत जाणारी हवा तापवली. पुढं बॉयलरखाली जाळायला लागले. पण तो थेट इंजिनात घालायची गोष्ट 1895 च्या सुमाराची. इंग्रज अभियंता थ्वेट यानं स्कॉटलंडमध्ये विशॉ इथल्या कारखान्यात ते करून दाखवलं. त्याच सुमारास बेल्जियमच्या सेरँगमधली कॉकरिल कंपनीही मागं लागलेली. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी तब्बल 600 अश्वशक्तीचं इंजिन मांडलं.

अडचणी दोन. एक, वायू अशक्त. नैसर्गिक वायूच्या मानानं उष्णता जवळपास दहावा हिस्सा. म्हणून सिलिंडर अवाढव्य लागायचे. दुसरी जास्त चिवट, धूळ. भट्टीची बारीक राख सिलिंडर घासून काढायची. मग वायू पाण्यानं धुवायची यंत्रं आली. पुढं वाफेच्या टर्बाइन सुधारल्या आणि बऱ्याच ठिकाणी हा वायू परत बॉयलरकडं गेला.

आता आपल्याकडं या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर कारखाना उभारला. नांगर ओतायचे तर बीड हवं, कोळसा हवा. पहिल्या महायुद्धात दोन्हीची टंचाई झाली. शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या, ही गोष्ट आपल्याकडं आजही सांगतात. तिकडं साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना, तोही नांगरांचा, आणि देशातली सुरुवातीची डिझेल इंजिनं इथंच बनली. हेच कूपर 1937 मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले, हे किती सातारकरांना ठाऊक आहे, देव जाणे.

म्हणजे एकाच मुलखात इंजिनंही आणि ओतकामही. मात्र आपल्या फाउंड्रीतली भट्टी म्हणजे क्युपोला, झोतभट्टी नव्हे. तिच्यात खनिज नाही, तयार बीड आणि भंगार वितळतं. तरी कोकबरोबर तिच्यातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतोच.

माझे चुलते एका फाउंड्रीत चार्जिंगच्या माचीवर होते. वरच्या दारातून कोक, बीड, चुनखडी टाकायचं काम. दारात निळी ज्योत नाचत असली की बरं, असं ते म्हणायचे. ज्योत विझली की जपायचं, कारण तो वायू मग न जळता अंगावर येतो. ना वास, ना रंग. एकदा ते चक्कर येऊन माचीवरच बसले. खाली आणल्यावर साहेबांनी लिंबूसरबत पाजलं आणि दुसऱ्या पाळीला परत पाठवलं. त्या गोष्टीची कुठं नोंद झाली नाही.

मला कुणी विचारतं, या वायूवर इंजिन का नाही चालवत? खरं सांगायचं तर लहान क्युपोलाला ते परवडत नाही. ती दिवसातले काही तास, आठवड्यातले काही दिवस पेटते. त्यापेक्षा तोच वायू जाळून आत जाणारी हवा तापवली, किंवा हवा दोन पातळ्यांवर सोडली, तर कोक वाचतो. मोठ्या भट्टीचं गणित वेगळं. गोव्यात आमोणे इथं पिग आयर्नच्या कारखान्यात वाया जाणारा वायू आणि उष्णता यांवर वीज बनते. आपल्या साखर कारखान्यांनी बगॅसवर वीज करून विकली, तोच प्रकार.

चुलते आता ऐंशीच्या घरात आहेत. परवा त्यांना थ्वेटची गोष्ट सांगितली. म्हणाले, "इंजिन राहू दे रे, आधी त्या दाराजवळ एक घंटी बसवायला पाहिजे होती. वायू वाढला की वाजणारी."

अशी घंटी आज बाजारात मिळते. तुमच्या फाउंड्रीत आहे का, मला कळवा. नाव छापणार नाही.