दोन मोटरी, एक नट

मोठं आरसी विमान बांधणाऱ्याने अलास्का एअरलाइन्सच्या फ्लाइट 261 चा घटनाक्रम एकदा तरी वाचावा. एलेव्हेटरला दुसरा सर्वो लावला तरी काय एकटंच राहून जातं, ते इथे दिसतं. वेळा पॅसिफिक प्रमाणवेळेनुसार आहेत.

सप्टेंबर 1997. ओकलंडच्या हँगरमध्ये या एमडी-83 च्या शेपटीतला जॅकस्क्रू तपासला जातो. शेपटीचा आडवा पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, हाच स्क्रू हलवतो. फिरवायला मोटरी दोन, मुख्य आणि पर्यायी. पोलादी स्क्रू मात्र एकच, आणि तो ज्यात फिरतो तो ब्राँझचा नटही एकच. नटाचे आटे दुहेरी आहेत. एक गेला तर दुसरा भार घेईल, असा हिशोब. स्क्रू आणि नटामधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, भरतो 0.040 इंच, अगदी मर्यादेवर. नट बदलायचं ठरतं. फेरमोजणीत 0.033 येतो आणि विमान जुन्याच नटावर सेवेत परततं.

31 जानेवारी 2000, दुपारी 1:37. मेक्सिकोतल्या पुएर्तो व्हायार्ताहून सॅन फ्रान्सिस्कोकडे उड्डाण. विमानात 88 जण.

1:53. विमान चढत असतानाच स्टॅबिलायझर अडकलाय. ऑटोपायलट सुटतो. कॅप्टन टेड थॉम्पसन आणि फर्स्ट ऑफिसर विल्यम टॅन्स्की यांना योक ओढून धरावा लागतो. काही वेळ 50 पौंडांपर्यंत, म्हणजे बावीसेक किलो.

4:09. लॉस एंजेलिसला उतरायचं ठरलंय. ट्रिम मोटर पुन्हा चालवताच अडकलेला स्क्रू सुटतो. नटात आटे उरलेलेच नाहीत. सुमारे 80 सेकंदांत विमान 31,000 फुटांवरून 24,000 च्या आसपास येतं. दोघे जिवाच्या आकांताने ते सावरतात. आता सगळा भार स्क्रूच्या खालच्या थांब्यावर आणि आतल्या टॉर्क ट्यूबवर आहे.

मॉडेलमध्ये एलेव्हेटरचे दोन्ही भाग एका दांडीने जोडून तिला दोन सर्वो लावले, तर एक अडकल्यावर दुसरा त्याच्याशीच झुंजत राहतो. भाग वेगळे ठेवून प्रत्येकाला स्वतःचा सर्वो, हॉर्न आणि लिंकेज दिलं, तर उरलेल्या अर्ध्यावर विमान उतरवण्याची आशा राहते. पण दोन्ही सर्वोंना वीज एकाच बॅटरीतून, एकाच स्विचमधून येत असेल, तर तो स्विच म्हणजे फ्लाइट 261 चा नट.

4:19. प्रचंड आवाज होतो. टॉर्क ट्यूब तुटलीय. विमान नाक खाली घालून उलटं होतं. उलट्या अवस्थेतही ते उडतं ठेवायला दोघे धडपडतात. दीड मिनिटाच्या आत ते अनाकापा बेटाजवळ समुद्रात कोसळतं. कुणीच वाचत नाही.

पुढे समुद्रतळातून स्क्रू वर काढला, तेव्हा नटाचे सोलवटलेले आटे त्याच्याभोवती गुंडाळलेले होते. आट्यांवर कामाचं ग्रीस नव्हतं, आणि नटात ग्रीस जाण्याची वाट वाळलेल्या ग्रीसने बुजली होती. वंगण घालण्यातलं अंतर वाढवत आठ महिन्यांवर नेलं होतं. दोन्ही आटे एकाच नटात, एकाच ग्रीसवर, त्यामुळे झिजलेही बरोबरच. आटे पूर्ण गेले तर विमान वाचवणारी कुठलीच सोय रचनेत नव्हती, हेही अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेने, एनटीएसबीने, अपघाताच्या कारणांत नोंदवलं.