तळटीप १४ : न्यायाधीशाला ‘तू’

१४. मूळ इंग्रजीत येथे कैदी न्यायाधीशाला ‘दाऊ’ (‘तू’) हे सर्वनाम लावतो. आज इंग्रजीत लहानाला, थोराला, एकाला, अनेकांना एकच ‘यू’ पुरते. सतराव्या शतकात तसे नव्हते. ‘यू’ मुळात अनेकवचनी. तेराव्या शतकापासून ते एका व्यक्तीलाही आदरार्थी लावले जाऊ लागले. ‘दाऊ’ उरले ते जवळच्यांसाठी, नोकरचाकरांसाठी आणि प्रार्थनेत देवासाठी. परक्या थोरामोठ्याला तसे संबोधणे हा अपमानच होता. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅले यांच्यावरील राजद्रोहाच्या खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी त्यांना मुद्दाम ‘दाऊ’ म्हणून हिणवले होते.

क्वेकर पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) व त्यांचे अनुयायी मात्र गरीब-श्रीमंत सर्वांनाच ‘दाऊ’ म्हणत. एका माणसाला अनेकवचन लावणे म्हणजे असत्य बोलणे आणि त्याचा अहंकार पोसणे, अशी त्यांची श्रद्धा होती. १६६० मध्ये फॉक्स यांनी दोन सहकाऱ्यांसह अनेक भाषांतील एकवचन-अनेकवचनाचे दाखले देणारा ग्रंथच काढला. या एका शब्दापायी या मंडळींनी शिव्या आणि मारही सोसला. तेव्हा या क्वेकर कैद्याचे ‘तू’ हा उर्मटपणा समजू नये. ती त्याच्या धर्माची आज्ञा आहे. म्हणूनच अनुवादात ‘आपण’ केलेले नाही. पुढील पत्रांत येणारे ‘दी’ हे याच सर्वनामाचे कर्मरूप. क्वेकरांच्या बोलीत ते नंतर कर्त्याच्या जागीही रुळले.