दंडारीचे फोटो मोबाइलवर कसे काढायचे? (माझे २१४ फोटो वाया गेल्यावर शिकलेलं)

माझं गाव सिहोरा, तालुका तुमसर. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते आणि रात्री दंडार असते. आमचे आबाजी दंडारीत तुणतुणं वाजवतात. मागच्या मंडईच्या आधीच त्यांनी सांगून ठेवलं होतं, "गुडघे बोलायले लागले, पुढच्या वर्षी उभं राहणं होते का नाही, सांगता येत नाही." मी नवाकोरा १०८ मेगापिक्सेलचा फोन घेऊन गेलो, २१४ फोटो काढले. सकाळी आबाजींनी ते पाहिले आणि विचारलं, "हा ट्यूबलाइट कोन होय बाप्पा?"

तो ट्यूबलाइट म्हणजे आबाजींचा चेहरा होता.

झालं काय, तर कॅमेरा पूर्ण फ्रेमच्या उजेडाची सरासरी काढतो. स्टेजमागे सगळा काळोख, त्यामुळे त्याला वाटलं, "अंधार फार आहे, वाढवा उजेड!" काळोख थोडा राखाडी झाला आणि चेहरा पांढराफटक. मुळात तुमचे आबाजी कोणते, हे त्या बिचाऱ्याला माहीतच नसतं. म्हणून चेहऱ्यावर बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं. मग शेजारचं सूर्याचं चिन्ह खाली ओढा, नाकडोळे दिसेपर्यंत. पार्श्वभूमी काळी पडली तर पडू द्या, तिला कोण पाहतंय?

याच्या उलटं पाहायचं असेल तर संध्याकाळी चांदपूरच्या तलावावर जा. मित्राला मावळत्या सूर्यासमोर उभं करा. आता आभाळ उजळ, म्हणून कॅमेरा उजेड कमी करतो आणि मित्र काळा ठिपका होतो. इलाज तोच, बोट कुठे ठेवायचं ते तुम्ही ठरवा. मित्राची फक्त काळी आकृती हवी असेल तर बोट आभाळावर ठेवा. (आणि पाण्याची रेघ त्याच्या गळ्यातून जाऊ देऊ नका, मुंडकं छाटल्यासारखं दिसतं. थोडं खाली बसलात तरी काम होतं.)

आता फ्लॅश. वीस फुटांवरून फ्लॅश मारणाऱ्या सर्व बंधूंना नमस्कार! अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो. त्यामुळे स्टेजवर काहीच पोचत नाही, पुढच्या रांगेतल्या काकांचं टक्कल मात्र झकास येतं. फ्लॅश बंद करा आणि पुढे जा. झूमपेक्षा पाय बरे, कारण बोटांनी ताणलेला झूम म्हणजे नुसतं फोटो कापणं.

नाइट मोडचंही तसंच. तो अनेक फ्रेम जोडून एक फोटो बनवतो. धानाच्या बांधीवरचं चांदणं त्यात सुंदर येतं, पण नाचणाऱ्या माणसाला चार हात फुटतात. दंडारीसाठी प्रो मोड लावा, शटर १/१०० आणि आयएसओ ८०० ते १६०० च्या आसपास. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० शटरला फोटोतले ते काळे पट्टेही बहुतेक वेळा जातात. आणि १०८ मेगापिक्सेल? अंधारात फोन नऊ-नऊ पिक्सेल मिळून एक करतो आणि १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. डब्यावरचं स्टिकर जपून ठेवा, तेवढंच कामाचं.

सगळ्यात जास्त छळलं ते लाल लाइटने. त्यात सेन्सरचे लाल पिक्सेल काठोकाठ भरतात, हिरवे-निळे जवळपास रिकामे राहतात. चेहऱ्याच्या सुरकुत्या गायब, उरतो फक्त टमाटर. याला सेटिंग नाही. पिवळा-पांढरा लाइट येईपर्यंत थांबायचं.

यंदा आबाजी उभे राहिले, मधे दोनदा खुर्ची घ्यावी लागली तरी. मी स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात खाली बसलो. मागचा बांबू त्यांच्या डोक्यातून उगवू नये म्हणून दोन हात सरकलो, फ्रेममध्ये तुणतुण्याच्या बाजूला रिकामी जागा सोडली आणि पिवळ्या लाइटची वाट पाहिली. रात्रभरात ३१ फोटो काढले, त्यातले तीन जमले. एकात तुणतुण्याची तारसुद्धा दिसते.

तो फोटो आबाजींनी बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "टोपी वाकडी होती माझी. सांगता नाही येत होतं काय?"