अमेरिकी काँग्रेसमधील रूढिवादी विधेयके व ठराव

अमेरिकेच्या संघीय कायदेमंडळात, म्हणजे काँग्रेसमध्ये, रूढिवादी किंवा उजव्या विचारांच्या सदस्यांनी मांडलेले कायद्यांचे मसुदे, घटनादुरुस्तीचे प्रस्ताव आणि सभागृहाचे ठराव. ही नोंद मुख्यतः ३ जानेवारी २०२५ रोजी सुरू झालेल्या ११९ व्या काँग्रेसपुरती आहे. २०२४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधिगृहातील ४३५ पैकी २२० आणि सिनेटमधील १०० पैकी ५३ जागा जिंकल्या, डोनाल्ड ट्रम्प पुन्हा अध्यक्ष झाले, आणि वर्षानुवर्षे घोषणेपुरत्या राहिलेल्या अनेक मसुद्यांना कायदा होण्याची आशा वाटू लागली. प्रत्यक्षात त्यांतले थोडेच तडीस गेले. जे गेले त्यांतले बरेचसे सरळ रस्त्याने गेलेले नाहीत.

विधेयक मांडण्याची तिथली रीत भारतीय वाचकाला नवलाची वाटेल. दिल्लीत विधेयके आणते ते सरकार. खासगी सदस्याचे विधेयक शुक्रवारी चर्चेला येते आणि बहुधा तिथेच विरते. स्वातंत्र्यानंतर अशी केवळ १४ विधेयके मंजूर झाली, शेवटचे १९७० मध्ये. वॉशिंग्टनमध्ये मंत्री सभागृहाचे सदस्य नसतात, त्यामुळे प्रत्येक विधेयक कोणा ना कोणा सदस्याच्याच नावाने येते. प्रतिनिधिगृहात लिपिकाच्या मेजाला लागून एक लाकडी पेटी असते. मसुद्यावर सही करायची आणि कागद त्या पेटीत टाकायचा, की विधेयक सादर झाले. पक्षश्रेष्ठींची परवानगी लागत नाही, सभागृहाचीही नाही. पुढे त्याला क्रमांक मिळतो आणि ते समितीकडे जाते. दोन वर्षांच्या एका काँग्रेसमध्ये दहा हजारांहून जास्त विधेयके व ठराव दाखल होतात. कायदा होण्याचे प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा ‘अमेरिकेत अमुक विधेयक मांडले’ ही बातमी म्हणजे अनेकदा एका सदस्याने एक कागद पेटीत टाकला, एवढीच बातमी असते.

कागदाचा प्रकार मात्र पाहावा लागतो. ‘एच. आर.’ (प्रतिनिधिगृह) किंवा ‘एस.’ (सिनेट) या अक्षरांनी सुरू होणारे ते साधे विधेयक. संयुक्त ठरावालाही कायद्याचेच बळ असते. घटनादुरुस्तीचा प्रस्ताव याच रूपात येतो, फक्त तो अध्यक्षांच्या सहीला न जाता राज्यांकडे जातो. समवर्ती ठराव दोन्ही सभागृहांचा, पण कायद्याचे बळ नसलेला. साधा ठराव एकाच सभागृहाचा: कोणाचा गौरव, कोणाची निंदा, किंवा कामकाजाचे नियम.

रूढिवादी गोटही एकजिनसी नाही. २०१५ मध्ये स्थापन झालेला ‘फ्रीडम कॉकस’ हा प्रतिनिधिगृहातील कडव्या सदस्यांचा गट, १९७३ पासूनची ‘रिपब्लिकन स्टडी कमिटी’ ही त्यापेक्षा मोठी आणि मवाळ, आणि बाहेरून मसुद्यांना वैचारिक खाद्य पुरवणारी ‘हेरिटेज फाउंडेशन’सारखी संस्था. केंटकीचे थॉमस मॅसी यांच्यासारखे सदस्य सरकार लहान करण्याच्या जुन्या तत्त्वाला चिकटून आहेत. त्यांचे शिक्षण खाते बंद करण्याचे विधेयक (एच. आर. ८९९) एका वाक्याचे आहे: हे खाते ३१ डिसेंबर २०२६ रोजी संपुष्टात येईल. कर्मचाऱ्यांचे काय, विद्यार्थ्यांच्या कर्जाचे काय, अपंग मुलांसाठीच्या निधीचे काय, यावर एक अक्षर नाही. मॅसी यांनी असेच वाक्य २०१७ मध्येही मांडले होते. मसुदा म्हणून ते कच्चे आहे, जाहीरनामा म्हणून पक्के.

११९ व्या काँग्रेसच्या पहिल्या काही आठवड्यांत ट्रम्पस्तुतीच्या विधेयकांचीही रीघ लागली. माउंट रशमोरवर त्यांचा चेहरा कोरावा (ॲना पॉलिना लूना), २५० डॉलरची नोट काढून तीवर त्यांची छबी छापावी (जो विल्सन), १४ जून या त्यांच्या जन्मदिवशी राष्ट्रीय सुट्टी द्यावी (क्लॉडिया टेनी), ग्रीनलँडचे नाव ‘रेड, व्हाइट अँड ब्लूलँड’ करावे (बडी कार्टर). ही विधेयके मंजूर व्हावीत अशी मांडणाऱ्यांचीही फारशी अपेक्षा नसावी. त्यांचा वाचक एकच होता आणि तो व्हाइट हाउसमध्ये बसला होता. यांच्याच पंगतीतले मेक्सिकोच्या आखाताला ‘अमेरिकेचे आखात’ म्हणण्याचे विधेयक मात्र ८ मे २०२५ रोजी प्रतिनिधिगृहात २११ विरुद्ध २०६ मतांनी मंजूर झाले.

गंभीर विधेयकांत सर्वाधिक वाद झाला तो ‘सेव्ह’ विधेयकावर. टेक्ससचे चिप रॉय आणि सिनेटमधील युटाचे माइक ली हे त्याचे पुरस्कर्ते. संघीय निवडणुकीसाठी मतदार म्हणून नाव नोंदवताना नागरिकत्वाचा कागदोपत्री पुरावा सक्तीचा करावा, हा त्याचा गाभा. सध्या अर्जदार आपण नागरिक असल्याचे शपथपूर्वक लिहून देतो; खोटे लिहिणे हा गुन्हा आहे. परकीयांनी संघीय निवडणुकीत मत देणे १९९६ च्या कायद्यानेच गुन्हा ठरले आहे. समर्थक म्हणतात, नुसत्या शपथेवर विसंबून कसे चालेल? विरोधकांचे म्हणणे असे की रोग अगदी किरकोळ आणि औषध जालीम. पासपोर्ट अमेरिकनांपैकी साधारण निम्म्यांकडेच आहे. वाहन परवाना बहुतेकांकडे असतो, पण बहुतेक राज्यांच्या परवान्यावर नागरिकत्वाची नोंद नसते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईच्या जन्मदाखल्यावर माहेरचे नाव असते, म्हणजे आणखी एक कागद जोडणे आले. रेशनकार्ड, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवरील नावे जुळवता जुळवता दमलेल्या आपल्याकडच्या माणसाला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

हा प्रयोग एका राज्यात होऊन गेला आहे. कॅन्ससने २०१३ पासून असाच पुरावा मागायला सुरुवात केली. न्यायालयात पुढे आलेल्या आकड्यांनुसार सुमारे ३१ हजार जणांची नोंदणी अडली; नव्या अर्जदारांपैकी हे प्रमाण जवळजवळ १२ टक्के होते आणि त्यांतले बहुसंख्य नागरिकच होते. २०१८ मध्ये संघीय न्यायाधीश ज्युली रॉबिन्सन यांनी तो कायदा रद्द ठरवला, २०२० मध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम केला. ‘सेव्ह’च्या चर्चेत कॅन्ससचे नाव समर्थकांच्या तोंडून क्वचितच ऐकू येते. २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहाने हे विधेयक २२१ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर केले, सिनेटमध्ये ते पडून राहिले. पुढच्या काँग्रेसमध्ये ‘एच. आर. २२’ या क्रमांकाने ते परत आले आणि १० एप्रिल २०२५ रोजी २२० विरुद्ध २०८ मतांनी पुन्हा मंजूर झाले. चार डेमोक्रॅट सदस्यांनी बाजूने मत दिले.

प्रतिनिधिगृहात साधे बहुमत पुरते. खरी खिंड सिनेटमध्ये आहे: तिथे चर्चा थांबवून मतदान घ्यायलाच ६० मते लागतात आणि रिपब्लिकनांकडे ५३. मुलींच्या शालेय खेळांत पारलिंगी खेळाडूंना बंदी घालणारे विधेयक प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २०६ ने पुढे गेले, सिनेटमध्ये ३ मार्च २०२५ रोजी ५१ विरुद्ध ४५ वर अडकले. गर्भपाताच्या प्रयत्नातून जिवंत जन्मलेल्या अर्भकासंबंधीच्या विधेयकाची गत तीच. विरोधकांची मते मिळाली तरच सरळ वाट खुली होते. चोरीसारख्या गुन्ह्याचा आरोप असलेल्या बेकायदा स्थलांतरितांना कोठडीत ठेवणे सक्तीचे करणारा ‘लेकन रायली’ कायदा सिनेटमध्ये ६४ विरुद्ध ३५ मतांनी संमत झाला आणि २९ जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीतला पहिला कायदा ठरला. फेंटानिलसदृश द्रव्यांवरील कायद्यालाही दोन्ही पक्षांचा भरघोस पाठिंबा होता.

बाकीच्यांसाठी तीन आडवाटा आहेत, आणि तिन्हींवर ६० मतांचा नाका लागत नाही. पहिली अर्थसंकल्पाची ‘रिकन्सिलिएशन’ प्रक्रिया. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेला ‘वन बिग ब्युटिफुल बिल’ कायदा याच वाटेने गेला; सिनेटमध्ये ५०-५० अशी बरोबरी झाली आणि उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्या मताने कोंडी फुटली. मात्र या वाटेवरून फक्त महसूल आणि खर्चाशी निगडित तरतुदीच जाऊ शकतात, आणि काय चालेल काय नाही याचा सल्ला सिनेटच्या नियमतज्ज्ञ एलिझाबेथ मॅक्डोना देतात. बंदुकीच्या सायलेन्सरचे उदाहरण बोलके आहे. १९३४ च्या कायद्यानुसार सायलेन्सरवर २०० डॉलर कर आणि सरकारदरबारी नोंदणी, दोन्ही सक्तीचे. दोन्ही काढून टाकण्याचे विधेयक रूढिवादी सदस्य वर्षानुवर्षे मांडत होते. ‘वन बिग ब्युटिफुल बिल’मध्ये ते घुसवल्यावर नियमतज्ज्ञांनी नोंदणी काढण्याची तरतूद बाद केली. उरला तो कर. तो शून्यावर आला आणि नोंदणीचे अर्ज मात्र भरावेच लागतात. याच कायद्यामुळे दहा वर्षांत तुटीत सुमारे ३.४ लाख कोटी डॉलरची भर पडेल, असा काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशेब होता. समतोल अंदाजपत्रकाची घटनादुरुस्ती हे याच पक्षाचे जुने व्रत. १९९७ मध्ये सिनेटमध्ये ती एका मताने हुकली होती. ‘वन बिग ब्युटिफुल बिल’वर प्रतिनिधिगृहात अंतिम मतदानावेळी विरोधात गेलेल्या दोन रिपब्लिकनांपैकी एक मॅसी होते, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे.

दुसरी वाट १९९६ च्या एका कायद्याची. सरकारी खात्याने केलेला ताजा नियम संयुक्त ठरावाने रद्द करता येतो आणि मग तशाच स्वरूपाचा नियम त्या खात्याला पुन्हा करता येत नाही. पहिल्या वीस वर्षांत हे हत्यार एकदाच, २००१ मध्ये, यशस्वीपणे वापरले गेले. २०१७ मध्ये ते नेहमीचेच झाले. २०२५ मध्ये मात्र त्याची ओढाताण झाली. २०३५ पर्यंत फक्त प्रदूषणमुक्त नव्या मोटारी विकण्याचे धोरण राबवायला कॅलिफोर्नियाला मिळालेली सवलत हा मुळात ‘नियम’च नाही, असे काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाचे आणि सिनेटच्या नियमतज्ज्ञांचे मत होते. सिनेटने ते बाजूला सारून २२ मे रोजी ५१ विरुद्ध ४४ मतांनी सवलत रद्द केली. १२ जूनला ट्रम्प यांनी सही केली आणि त्याच दिवशी कॅलिफोर्निया इतर दहा राज्यांसह न्यायालयात गेले. ६० मतांच्या परंपरेचे रक्षक म्हणवणाऱ्यांनी केलेली ही गोष्ट पुढे डेमोक्रॅटांना आयतीच सापडणार आहे.

तिसरी वाट मंजूर खर्च परत घेण्याची. जुलै २०२५ मध्ये परदेशी मदत आणि सार्वजनिक प्रसारण यांचे मिळून सुमारे ९ अब्ज डॉलर तिने कापले गेले.

ठरावांचे जग वेगळे. त्यात कायदा व्हायचा नसतो, पण नावे नोंदली जातात. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी प्रतिनिधिगृहाने समाजवादाचा निषेध करणारा ठराव २८५ विरुद्ध ९८ मतांनी संमत केला; त्याच दिवशी न्यूयॉर्कचे नवनिर्वाचित समाजवादी महापौर झोहरान ममदानी व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प यांच्याशी हसतखेळत बोलत होते. ठरावाचा खरा नेम ८६ डेमोक्रॅटांवर लागला, ज्यांनी बाजूने मत दिले आणि आपल्या पक्षाची फूट दाखवली. टेनेसीचे अँडी ओगल्स यांचा २२ व्या घटनादुरुस्तीत बदल करण्याचा प्रस्ताव तर शिवणकामाचा नमुना आहे: अध्यक्ष तीनदा निवडून येऊ शकेल, पण सलग दोनदा निवडून आलेल्याला तिसरी संधी नाही. ओबामा, बुश, क्लिंटन बाहेर, ट्रम्प आत. दोन्ही सभागृहांचे दोन तृतीयांश मत आणि ३८ राज्यांची संमती लागत असल्याने हा अंगरखा कोणाला चढवता येणार नाही. न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांच्यावरील महाभियोगाचा ठराव (ब्रँडन गिल, मार्च २०२५) जास्त काळजीचा, कारण निकाल न पटल्याबद्दल न्यायाधीशावर महाभियोग हा मार्ग नव्हे, असे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांना त्याच दिवशी जाहीरपणे सांगावे लागले. जाता जाता, हा खेळ एकाच बाजूचा नाही. बेळगावात वाढलेले मिशिगनचे डेमोक्रॅट सदस्य श्री ठाणेदार यांनीही २०२५ मध्ये ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची सात कलमे मांडली आणि स्वपक्षीयांच्या नाराजीनंतर मतदानाचा आग्रह सोडला.

यांपैकी काही मसुदे मराठी घरांपर्यंत पोहोचतात. आई-वडिलांपैकी एकजण नागरिक, कायम रहिवासी किंवा सैन्यात कार्यरत असेल तरच अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व, असे ब्रायन बॅबिन आणि सिनेटर लिंडसे ग्रॅहॅम यांची विधेयके सांगतात. एच-१बी व्हिसावर राहणाऱ्या दांपत्याचे मूल त्यातून वगळले जाईल. १८९८ च्या वाँग किम आर्क खटल्यापासून चालत आलेल्या अर्थालाच हे आव्हान आहे. ट्रम्प यांनी असाच आदेश पदग्रहणाच्या दिवशी काढला होता. खालच्या न्यायालयांनी तो रोखला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ओहायोचे सिनेटर बर्नी मोरेनो यांचे सप्टेंबर २०२५ चे विधेयक परदेशात करून घेतलेल्या कामाच्या मोबदल्यावर २५ टक्के कर सुचवते. हिंजवडीत त्याची चर्चा होणे स्वाभाविक होते. खुल्या व्यापाराचा झेंडा मिरवणाऱ्या पक्षाकडून असा कर येतो, यावरून अमेरिकी उजवेपण किती बदलले ते कळते. घरी पैसे पाठवण्यावरचा कर मात्र कायद्यात आला, पण झडत झडत: समितीत ५ टक्के, प्रतिनिधिगृहात ३.५, अखेरीस १ टक्का, आणि तोही रोख रक्कम, मनी ऑर्डर यांसारख्या मार्गांनी पाठवलेल्या पैशांवर. १ जानेवारी २०२६ पासून तो लागू आहे. बँक खात्यातून पाठवलेल्या रकमेला तो लागत नाही.

११९ व्या काँग्रेसची मुदत ३ जानेवारी २०२७ रोजी संपते. तोवर मंजूर न झालेली सर्व विधेयके आणि ठराव व्यपगत होतात आणि पुढच्या काँग्रेसमध्ये आणायचे झाल्यास नव्या क्रमांकाने पहिल्यापासून मांडावे लागतात.